तीन फेऱ्यांची शर्यत, सहा वर्षांचा सब्र

नेदरलँड्स या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. शाळेत जाणारी मुले, भाजी आणणाऱ्या गृहिणी, कचेरीत जाणारे अधिकारी, सगळे सायकलवरच दिसतात. त्यामुळे तिथली एखादी मुलगी सायकलपटू झाली तर कोणाला नवल वाटत नाही. पण शाने ब्रास्पेनिंक्स हिची हकीकत वाचल्यावर आम्हाला ती वाचकभगिनींना सांगावीशी वाटली. कारण ही गोष्ट सायकलइतकीच आजारातून उठण्याची आहे.

शानेचा जन्म १९९१ चा. तिचा खेळ म्हणजे ट्रॅक सायकलिंग. लाकडी पट्ट्यांचा अंडाकृती मार्ग, एक फेरी २५० मीटरची आणि वळणावर भिंतीसारखा चढ. सायकलला ब्रेक नाही, गिअर बदलण्याची सोय नाही. चाक फिरते तोवर पायडलही फिरतच राहते, पाय थांबवून विसावा घेता येत नाही.

तिची खास शर्यत ‘केरिन’. ही मूळची जपानची, दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये सुरू झालेली. तिथे तिच्यावर पैसे लावले जातात. ऑलिंपिकमध्ये मात्र ती निव्वळ खेळ म्हणून होते, आणि महिलांसाठी २०१२ पासून आहे. एकूण फेऱ्या सहा. पहिल्या तीन फेऱ्या पुढे एक छोटी मोटारदुचाकी चालते आणि हळूहळू वेग ताशी ५० किलोमीटरपर्यंत नेते. तिला ओलांडायची परवानगी नसते. मग ती बाजूला होते आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत खरी झुंज लागते. आधी स्वतःला आवरून धरायचे, नंतर सारे बळ एकदम लावायचे. ज्याला थांबणे जमत नाही, त्याला ही शर्यत जमत नाही.

२०१५ च्या जागतिक स्पर्धेत शानेने केरिनमध्ये रौप्यपदक मिळवले. ऑस्ट्रेलियाची नामवंत ॲना मेयर्स पहिली आली, शाने दुसरी. पुढच्याच वर्षी रिओ ऑलिंपिक होते. सगळे जुळून येत होते. आणि त्याच २०१५ साली, उंचावरच्या प्रदेशात सराव शिबिर चालू असताना, तिला हृदयविकाराचा झटका आला. वयाची पंचविशीही झाली नव्हती. रोज तासन्‌तास व्यायाम करणारी, धडधाकट मुलगी!

रिओमध्ये केरिनचे सुवर्णपदक नेदरलँड्सलाच मिळाले, पण ते एलिस लिग्टली हिने जिंकले. शानेला पुन्हा पायरी पायरीने वर यावे लागले. २०१८ मध्ये मायदेशी, अपेलडोर्नच्या जागतिक स्पर्धेत, तिने सांघिक स्प्रिंटमध्ये रौप्यपदक मिळवले. टोकियो ऑलिंपिक जवळ आले, तोच कोरोनाने ते वर्षभर पुढे ढकलले. पुन्हा थांबणे आले.

अखेर ५ ऑगस्ट २०२१ हा दिवस उजाडला. जपानमध्ये, म्हणजे केरिनच्या माहेरीच, इझू येथे अंतिम शर्यत झाली. त्याआधी याच स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत तिची सहकारी लॉरिन व्हॅन रीसन जोरात पडली आणि तिला रुग्णालयात न्यावे लागले. अशा वेळी मन स्थिर ठेवणे सोपे नसते. शाने अंतिम फेरीत उतरली आणि जिंकली. न्यूझीलंडची एलेस अँड्र्यूज दुसरी, कॅनडाची लोरियान जेने तिसरी. वयाच्या तिसाव्या वर्षी, झटक्यानंतर सहा वर्षांनी, तिच्या गळ्यात ऑलिंपिकचे सुवर्णपदक पडले.

आम्ही शिक्षकी पेशातली माणसे, गोष्टीतून धडा काढण्याची आमची खोड जात नाही. इथे आम्हाला दोन गोष्टी दिसतात.

पहिली सावधगिरीची. तरुण मुलीने छातीत दुखते, धाप लागते, असे म्हटले की आपण ‘पित्त झाले असेल’ म्हणून लिंबूपाणी देतो. घरातल्या बाईचे दुखणे तर स्वयंपाक उरकेपर्यंत मागे पडते. हृदयविकार वय किंवा चेहऱ्यावरचे तेज बघून येत नाही. बायकांमध्ये तो कधी दम लागणे, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणे अशा रूपातही दिसतो. तेव्हा घरगुती उपायात वेळ घालवू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा.

दुसरी उमेदीची. मोठ्या आजारातून उठलेल्या मुलीला आपण प्रेमापोटीच म्हणतो, ‘आता तुझ्याने काही होणार नाही, बस घरी.’ प्रत्येकीचे शरीर वेगळे, म्हणून डॉक्टरांचा सल्ला आधी. पण डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आपण ‘नाही’ म्हणू नये. सुवर्णपदक सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पण अर्धवट राहिलेली बारावी, बंद पडलेले शिवणकाम, कोपऱ्यात धूळ खात उभी असलेली सायकल, यांच्याकडे सावकाश का होईना, परत जाता येते. त्या मुलीला तेवढी मुदत आणि तेवढा सब्र घरानेच द्यायचा असतो.