क्राकूफचा बिगुल आणि तातारांचा बाण

पोलंडच्या दक्षिणेला, विस्तुला नदीच्या काठी क्राकूफ हे शहर आहे. राजधानी वॉर्सॉला जाऊन चारशे वर्षे झाली, तरी पोलंडच्या बहुतेक राजांच्या कबरी इथेच, वावेल टेकडीवरच्या चर्चमध्ये आहेत. आमचा भाचा इथे नोकरीला आहे, म्हणून शाळा सुरू होण्याआधी आम्ही मुलांना घेऊन आठ दिवस जाऊन आलो. पाहण्यासारखे पुष्कळ होते. पण आमच्या घरातल्या माणसांच्या कानावर जो शब्द पुन्हा पुन्हा पडत राहिला, तो होता ‘तातार’.

शहराचा मुख्य चौक १२५७ मध्ये आखला गेला. प्रत्येक बाजू सुमारे दोनशे मीटर, मधोमध लांबलचक कापडबाजार आणि कोपऱ्यावर सेंट मेरीचे लाल विटांचे चर्च. त्याच्या उंच मनोऱ्यावरून अग्निशमन दलाचा जवान दर तासाला, रात्रीसुद्धा, चारही दिशांना बिगुल वाजवतो. या सुरावटीला ‘हेयनाऊ’ म्हणतात. ती शेवटाला पोहोचण्याआधीच मध्ये तुटते. १२४१ मध्ये तातार चाल करून आले, पहारेकऱ्याने शहर जागे करण्यासाठी बिगुल फुंकला आणि बाण त्याच्या गळ्यात घुसला. सूर जिथे थांबला तिथेच आजही थांबवतात, अशी गोष्ट सांगतात. दुपारी बाराचा हेयनाऊ पोलिश रेडिओ १९२७ पासून साऱ्या देशाला ऐकवतो.

गोष्ट ऐकून आमच्या धाकटीने लगेच विचारले, “अब्बू, बाण मारणारे मुसलमान होते का?”

नव्हते. ती चंगेजखानाच्या नातवांची मंगोल फौज होती. याच घराण्यातल्या हलाकूने १२५८ मध्ये बगदाद लुटले, खलिफाला मारले आणि तिथली ग्रंथालये उद्ध्वस्त केली. म्हणजे क्राकूफ आणि बगदाद यांचे दुःख एकाच हाताने दिलेले, अवघ्या सतरा वर्षांच्या अंतराने. धाकटीला हे पटले. थोरल्याला मात्र आणखी हवे होते, म्हणून आम्ही त्याला दुसरी बाजूही सांगितली. मंगोलांनी क्राकूफ जाळले हे खरेच. पण सध्याचे चर्च तेव्हा उभे नव्हते, हेयनाऊची सर्वांत जुनी नोंद १३९२ ची आहे आणि गळ्यात बाण लागल्याची गोष्ट छापील रूपात दिसते ती विसाव्या शतकात. एरिक केली या अमेरिकन लेखकाच्या १९२८ च्या बालकादंबरीने ती जगभर नेली. शंभर वर्षांची गोष्ट आठशे वर्षांची वाटू लागते, हा अनुभव आपल्याकडेही काही नवा नाही.

या बिगुलाची एक कथा थेट समरकंदला जाते. दुसऱ्या महायुद्धात रशियाने हद्दपार केलेल्या पोलिश लोकांमधून एक फौज उभी राहिली आणि १९४२ मध्ये ती उझबेकिस्तानात होती. क्सावेरी प्रुशिन्स्की या लेखकाने ‘समरकंदचा बिगुलवाला’ या कथेत दाखवले आहे, की तिथले मुसलमान लोकच या परदेशी सैनिकांना तो सूर वाजवायला सांगतात. ही कथा आहे, इतिहास नव्हे. पण पुढचे खरे आहे. ती फौज आणि तिच्याबरोबरची बायकामुले इराणमध्ये उतरली. त्यांच्यातली अनेक कुटुंबे भारतात आली आणि कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. क्राकूफमध्ये कोणी गाव विचारले की आम्ही आधी कोल्हापूरचे नाव घेत असू. जुन्या माणसांपैकी एकदोघांचे चेहरे लगेच उजळले.

आता दुसरा तातार. जून महिन्याच्या सुमारास ‘लायकोनिक’ची मिरवणूक निघते. दाढी, टोकदार टोपी, भरजरी झगा अशा तातारी थाटातला माणूस कमरेला लाकडी घोडा बांधून नाचत चौकात येतो. दुकानदारांकडून खंडणी वसूल करतो आणि हातातल्या गदेने ज्याला स्पर्श करील त्याचे वर्ष बरे जाते, असे मानतात. आजचा पोशाख चित्रकार व नाटककार स्तानिस्वाव विस्प्यान्स्की यांनी १९०४ मध्ये रेखाटला. मिरवणूक आमच्या परतीनंतर होती, म्हणून भाच्याने गेल्या वर्षीचे चित्रण दाखवले. आया आपली लेकरे पुढे करत होत्या, तातारी सरदाराची गदा लागावी म्हणून! ज्याच्या नावाने बिगुल तुटतो, त्याच्याच नावाने बरकत मागायची, हे आम्हाला फार आवडले.

तिसऱ्या तातारांची ओळख वावेलवर झाली, आणि हे खरोखरच मुसलमान. राजवाड्यात ऑटोमन तुर्कांचे रेशमी तंबू आहेत, आतून वेलबुट्टीने नटलेले. १६८३ च्या व्हिएन्नाच्या लढाईत तुर्कांना हरवणाऱ्या राजा यान सोब्येस्कीची कबर शेजारच्या चर्चमध्येच. एवढे पाहून निघालो असतो तर ‘ते विरुद्ध आपण’ अशी समजूत घेऊन घरी आलो असतो. पण त्या लढाईत सोब्येस्कीच्या फौजेतही मुसलमान तातार घोडेस्वार होते. शत्रूकडच्या तातारांपासून वेगळे ओळखू यावे म्हणून त्यांनी शिरस्त्राणावर गवताची काडी खोचली होती, असे सांगतात. त्यांचे पूर्वज चौदाव्या शतकात लिथुआनियात वसले होते आणि १४१० मध्ये ग्रुनवाल्डच्या रणांगणावर पोलंडच्या बाजूने लढले होते. खुद्द सोब्येस्कीने १६७९ मध्ये तातार सैनिकांना पगाराऐवजी गावे दिली. देशाच्या ईशान्येला बोहोनिकी आणि क्रुशिन्यानी इथल्या त्यांच्या लाकडी मशिदी आजही उभ्या आहेत. आपली भाषा ते कधीच विसरले, तिथली बोली मात्र अरबी लिपीत लिहीत राहिले. कलमा आणि नमाज टिकली.

आता खाण्याविषयी. ‘व्येप्शोविना’ म्हणजे डुकराचे मांस, हा शब्द आम्ही पहिल्याच दिवशी पाठ केला. ‘झुरेक’ हे आंबवलेल्या राईच्या पिठाचे आंबट सूप नावाजलेले आहे, पण त्यात बहुधा सॉसेज असते. ‘बिगोस’ तर विचारूच नका. सुरक्षित आणि चवदार म्हणजे ‘प्येरोगी’. आपली करंजी तळण्याऐवजी पाण्यात उकळली तर कशी होईल, तशी. बटाटा आणि पनीरसारख्या चीजची मागावी. फक्त वर ‘स्क्वार्की’ नको म्हणून सांगावे, नाहीतर चरबीचे तळलेले तुकडे पेरून देतात. सरकारी मदतीवर चालणाऱ्या स्वस्त खानावळींना ‘बार म्लेचनी’ म्हणतात. नावात बार आहे म्हणून दचकू नये. म्लेचनी म्हणजे दुधाचा. तिथे दारू मिळत नाही आणि दूध, पीठ, भाज्यांचे पदार्थच जास्त.

रस्तोरस्ती गाड्यांवर ‘ओबवाझानेक’ मिळतो. कणकेच्या दोन दोऱ्यांना पीळ देऊन कडे वळायचे, उकळत्या पाण्यातून काढायचे, वर तीळ, खसखस किंवा मीठ लावून भाजायचे. १३९४ च्या दरबारी हिशेबात राणी याद्विगासाठी तो आणल्याची नोंद आहे. २०१० पासून युरोपीय संघाने हे नाव क्राकूफपुरते राखून ठेवले आहे. सकाळी गरम खावा. संध्याकाळपर्यंत त्याचे लाकूड होते. मिठाचे म्हणाल तर जवळच्या व्येलिचका खाणीत शेकडो वर्षे मीठ निघाले, आणि १३६४ मध्ये इथे विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा प्राध्यापकांचे पगार याच मिठाच्या उत्पन्नातून द्यायचे ठरले होते. कोपर्निकस पुढे त्याच विद्यापीठात शिकला. मास्तरांचे पगार वेळेवर होत का, हे तेवढे कळले नाही.

काझिमेझ या जुन्या ज्यू वस्तीत एका चौकात गोल इमारत आहे. तिच्या खिडक्यांतून ‘झापिएकांका’ विकतात, म्हणजे अर्धा लांब पाव, वर मश्रूम आणि चीज. रात्री तरुणांची झुंबड असते. हीच इमारत युद्धापूर्वी ज्यू समाजाकडे होती आणि इथे त्यांच्या धर्मनियमांप्रमाणे कोंबड्या कापल्या जात. हलाल शोधत फिरणाऱ्या आम्हाला हे वाचून खिडकीपाशी उगाच थोडे थांबावेसे वाटले. तेव्हा शहरातला साधारण दर चौथा माणूस ज्यू होता.

मार्च १९४१ मध्ये जर्मनांनी त्यांना नदीपलीकडे पोदगुझे भागात कोंडले. जिथे तीन हजार लोक राहत होते तिथे पंधरा हजार. भोवती भिंत बांधली, तिचा वरचा कडा ज्यू कबरींच्या दगडांसारखा गोलाकार; तिचे तुकडे अजून उभे आहेत. १३ आणि १४ मार्च १९४३ ला ती वस्ती रिकामी केली. कित्येकांना तिथेच गोळ्या घातल्या, उरलेल्यांना छावण्यांत नेले. वस्तीच्या आत तादेउश पान्क्येविच या ज्यू नसलेल्या माणसाचे औषधांचे दुकान होते. जा म्हटले तरी तो गेला नाही. लोकांना औषधे दिली, निरोप पोहोचवले, लपवले आणि जे पाहिले ते पुढे लिहून ठेवले. लोक नेल्यावर चौकात टाकलेले घरगुती सामान त्यानेच टिपून ठेवले होते. ते दुकान आता संग्रहालय आहे.

२००५ मध्ये त्या चौकात माणसापेक्षा जरा मोठ्या वाटणाऱ्या धातूच्या रिकाम्या खुर्च्या रांगेने बसवल्या. काही लहान खुर्च्या कडेला, ट्रामच्या थांब्यापाशी आहेत. आम्ही गेलो तेव्हा एक आजी बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन त्यांतल्या एकीवर बसल्या होत्या, ट्रामची वाट पाहत.