दौलताबादच्या घाटात जळका वास

वेरूळहून परतताना खुलताबाद सोडलं की दौलताबादचा घाट उतरावा लागतो. सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते, पाय सतत ब्रेकवर राहतो आणि चाकांकडून उग्र, जळका वास येऊ लागतो. गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा आणि ब्रेक निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी अजिबात ओतू नका. ती वाकते, तडकूही शकते. पुढचा उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. एकाच चाकाची धग जास्त जाणवत असेल, तर तिथला ब्रेक अडकलेला असण्याची शक्यता मोठी. हात लावायची गरज नाही, जवळ नेला तरी कळतं. मेकॅनिककडून कॅलिपर तपासून घ्या.

चढताना वास आला तर बहुधा क्लच. अर्ध्या क्लचवर गाडी चढावर धरून ठेवण्याची सवय प्लेट जाळते. रेस वाढूनही गाडी ओढत नसेल, तर प्लेट बदलायला झाली.

प्लास्टिक जळाल्यासारखा वास मात्र वायरिंगचा. लगेच इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब उभं करा. धूर दिसला तर बॉनेट उघडू नका, ११२ ला फोन लावा.