काळा घोडा आणि तराजू: प्रकटीकरणातले रंग कसे वाचायचे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा मागच्या भागाचा मजकूर, थोडा आवरून.

जगाचा शेवट, चार घोडे, ६६६ असे फॉरवर्ड दुष्काळ पडला की हमखास फिरतात, आणि काही जण खरंच घाबरतात. हे सगळं येतं बायबलच्या शेवटच्या पुस्तकातून, म्हणजे प्रकटीकरणातून. पहिल्या शतकात, रोमच्या सत्तेखाली, आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना पाठवलेलं हे पत्र. आपण मात्र त्यातले रंग आपल्या घरच्या अर्थाने वाचतो, आणि तिथेच गडबड होते. एका एन्कोडिंगमधली फाईल दुसऱ्यात उघडली की कचरा दिसतो, तसंच.

बरं, काही खुणांची किल्ली पुस्तकातच दिलेली आहे. सोन्याच्या सात समया म्हणजे त्या सात मंडळ्या, हे पहिल्याच अध्यायात सांगितलंय. धूप म्हणजे प्रार्थना. तलम तागाचं वस्त्र म्हणजे पवित्र जनांची नीतीची कामं. अंदाज करायची गरजच नाही!

रंगांचं तसं नाही. आपल्या जुन्या घरांत पांढरं लुगडं म्हणजे वैधव्य. इथे पांढरं म्हणजे विजय: छळातून पार पडलेले लोक पांढरे झगे घालून उभे आहेत. आपल्याकडच्या ख्रिस्ती लग्नांत नवरी पांढरी साडी नेसते, तिचा अर्थ या बाजूचा. लाल तर आपल्याला कुंकवाचा, सौभाग्याचा. इथे दोन वेगळे लाल आहेत. दुसरा घोडा आणि अजगर यांचा लाल आगीचा, युद्धाचा. बाबेल नावाच्या स्त्रीचा किरमिजी लाल मात्र महागड्या रंगवलेल्या कापडाचा, म्हणजे श्रीमंती मिरवण्याचा. आणि चौथा, ‘फिकट’ घोडा? मूळ ग्रीक शब्द ‘क्लोरोस’. हाच शब्द याच पुस्तकात हिरव्या गवतालाही वापरलाय. म्हणजे मृत्यूचा घोडा हिरवट-पिवळा, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा. हिरवा चुडा डोक्यात ठेवून वाचलं तर हे कळणारच नाही.

पण जालनेकरांनी थांबावं ते तिसऱ्या घोड्यापाशी. घोडा काळा, स्वाराच्या हातात तराजू. आपल्याला तराजू म्हटलं की कोर्टातला न्याय आठवतो. इथे तो मोंढ्यातला आहे, धान्य तोलायचा! लगेच भावही ऐकू येतो: एका दिनाराला शेरभर गहू किंवा तीन शेर जव. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शेरभर गहू म्हणजे एका माणसाचं दिवसभराचं खाणं. बायको-पोरांनी काय खायचं? मग गहू सोडून जव घ्यायचे, जसं आपल्याकडे दुष्काळात मिळेल ते भरड धान्य घेतात. पुढचं वाक्य मला जास्त टोचतं: तेल आणि द्राक्षारस यांना धक्का लावू नको. म्हणजे भाकरी महाग, पण बागायतदाराचा माल शाबूत. याचा अर्थ अभ्यासक वेगवेगळा लावतात. मला तर उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं आणि त्याच मराठवाड्यातला उभा ऊस आठवतो.

हे पुस्तक आपल्या मातीत वाचलं गेलंय, हेही लक्षात घ्या. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती उभारली. तिथे आलेले बरेच जण मांग-महार समाजातले होते. १८७६-७८चा दुष्काळ दख्खनने सोसला, त्या काळातली ही माणसं. धान्याचा तराजू काय असतो हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता ती ‘खूण’. क्यूआर कोड, आधार, लस... प्रत्येक नव्या गोष्टीला ती चिकटवली जाते. मी कोड लिहून पोट भरतो म्हणून सांगतो: दुकानातल्या क्यूआरमध्ये पैसे कुठे जायचे तो पत्ता असतो, बाकी जादू नाही. ६६६चं कोडंही जुनंच. तेव्हा हिब्रू आणि ग्रीक अक्षरंच अंक म्हणून वापरत. ‘नेरोन कैसर’ हिब्रूत लिहून बेरीज केली की ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे, आणि नावाचं लॅटिन रूप ‘नेरो’ घेतलं तर तेही जुळतं. बहुतेक अभ्यासकांना हा इशारा रोमच्या बादशहाकडे वाटतो.

आणि फॉरवर्डमधला स्क्रीनशॉट नेहमी तेराव्या अध्यायाच्या शेवटी कापलेला असतो. पुढची ओळ वाचा. चौदावा अध्याय उघडतो तोच कपाळावर देवाचं नाव लिहिलेल्या लोकांनी. कपाळावर खूण दोन्ही बाजूंच्या लोकांच्या आहे. प्रश्न आहे तो नाव कुणाचं, हा.