गोळी लागलेल्या काचेमागचे पक्षी

अमेरिकन कलाकार जोसेफ कॉर्नेलने 1943 साली न्यूयॉर्कमध्ये एक लाकडी पेटी केली. उंची साधारण 40 सेंटिमीटर. पुढे काच, आत जुन्या रंगीत छापील चित्रांतून कातरून काढलेले पोपट, मकाव, काकाकुवा असे चार पक्षी. प्रत्येकाला नेमबाजीतल्या निशाण्यासारखा क्रमांक. काचेतून गोळी आरपार गेल्यासारखं भोक, भोवती तडे, मागे लाल-पिवळ्या-निळ्या रंगांचे शिंतोडे आणि तळाशी गळून पडलेली पिसं. पेटीचं नाव 'हॅबिटॅट ग्रुप फॉर अ शूटिंग गॅलरी'. अमेरिकेतल्या डी मॉइन शहराच्या कलासंग्रहालयात ती आहे. कात्रणं चिकटवून केलेल्या कलेला केवळ गोड, हौशी काम समजणाऱ्याने आधी ही पेटी पाहावी.

पेंढा भरलेले प्राणी-पक्षी, मागे रंगवलेलं रान, पुढे गवत आणि दगड, असे काचबंद देखावे, म्हणजेच 'हॅबिटॅट ग्रुप', निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयांत असतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही ते आहेत. न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये कॉर्नेलचं जाणं-येणं असे. त्याने तसाच देखावा उभा केला आणि थेट जत्रेतल्या 'शूटिंग गॅलरी'त, बंदुकीसमोर नेऊन ठेवला. साल महायुद्धाचं होतं, आणि त्या वर्षी काही महिने तो स्वतः युद्धसामग्रीच्या एका कारखान्यात कामाला जात होता.

मला मात्र ही पेटी युद्धाच्याही मागे नेते. एकोणिसाव्या शतकातली जी पक्षिचित्रं आपण आज चौकटीत बसवून भिंतीवर लावतो, त्यांतली बरीचशी मेलेल्या पक्ष्यांवरून काढलेली आहेत. अमेरिकन पक्षिचित्रकार ऑड्यूबॉन आधी पक्षी मारायचा, मग तारांच्या आधाराने त्याला जिवंतपणाची ठेवण द्यायचा आणि मग रेखाटायचा. जॉन गूल्डने 1831-32 मध्ये हिमालयातल्या पक्ष्यांवर ग्रंथ काढला. त्यातली त्याची पत्नी एलिझाबेथ हिची देखणी चित्रं लंडनला पोचलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांवरून केलेली आहेत. त्याच सुमारास एडवर्ड लिअर लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जिवंत पोपटांसमोर बसून चित्रं काढत होता, पण तो अपवाद. पक्षिचित्रांच्या या परंपरेत बंदूक पहिल्यापासून होती. कॉर्नेलच्या पेटीत ती काचेवर उमटली.

कॉर्नेल कुठल्याही कलाशाळेत शिकलेला नव्हता. 1903 चा जन्म; वडील लवकर गेले, आणि 1921 पासून दहा वर्षं त्याने कापडाच्या कंपनीत विक्रेत्याची नोकरी केली. मधल्या सुटीत मॅनहॅटनच्या फोर्थ अव्हेन्यूवरची जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालायची, जुनी चित्रं घेऊन घरी यायचं, हा त्याचा नेम. क्वीन्समधल्या युटोपिया पार्कवे या रस्त्यावरच्या छोट्या लाकडी घरात आई आणि सेरेब्रल पाल्सी असलेला धाकटा भाऊ रॉबर्ट यांच्यासोबत तो राहिला. परदेशी कधी गेला नाही. तळघरात त्याची कार्यशाळा होती. खोक्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या: शिंपले, घड्याळाचे भाग, घुबडं.

1931 मध्ये ज्युलियन लेव्हीच्या कलादालनात त्याला माक्स अर्न्स्टची कोलाज पाहायला मिळाली. अर्न्स्ट जुन्या कादंबऱ्या, विक्रीच्या याद्या आणि विज्ञानविषयक मासिकांतली लाकडी ठशांची चित्रं कापून एकमेकांत बसवायचा. या चित्रांत सगळा खेळ बारीक काळ्या रेघांचा. त्यामुळे माणसाच्या धडावर पक्ष्याचं डोकं चिकटवलं तरी रेघ रेघेत मिसळते आणि छापून आल्यावर सांधा सापडतच नाही. अर्न्स्टच्या लहानपणी त्याचा पाळीव काकाकुवा मेला आणि त्याच सुमारास बहिणीचा जन्म झाला. तेव्हापासून पक्षी आणि माणूस आपल्या मनात एक झाले, असं त्यानेच लिहून ठेवलंय. कॉर्नेल घरी आला आणि कातरी घेऊन बसला. सुरुवातीच्या एका कोलाजात जहाज, भलामोठा गुलाब आणि कोळी किड्याचं जाळं अशी मांडणी आहे.

पण अर्न्स्टने जो सांधा लपवला, तिथे कॉर्नेलने पुढे चक्क जागा सोडली. पक्ष्याचं कात्रण तो लाकडाच्या तुकड्यावर चिकटवून पेटीत उभं करायचा. कागदाला जाडी आली, पाठीमागे सावली पडली. एकच चित्र पुन्हा वापरता यावं म्हणून तो त्याच्या फोटोस्टॅट प्रती काढून घ्यायचा. नवी पेटी जुनी दिसावी म्हणून रंगाचे थरावर थर द्यायचा, ती उन्हापावसात ठेवायचा, प्रसंगी घरच्या ओव्हनमध्ये भाजायचा. घुबडांच्या पेट्यांत झाडाची खरी साल आणि कुजकं लाकूड आहे. 1944 मध्ये तो जवळच्या एका रोपवाटिकेत कामाला होता. त्या दिवसांत सायकलवरून फिरताना वाळलेलं गवत गोळा करून आणायचा. छापील पक्षी आणि खरं गवत शेजारी ठेवण्यात मोठी जोखीम आहे. खरं गवत कागदाचा खोटेपणा उघडा पाडू शकतं. इथे तसं होत नाही, कारण ओव्हनमधून निघालेल्या त्या लाकडावर कागद, साल आणि गवत तिन्ही सारखीच जुनी दिसतात.

ऑक्टोबर 1953 मध्ये सिडनी जॅनिसच्या दालनात त्याने चित्रकार हुआन ग्रिसचं 1914 चं चित्र पाहिलं: कॅफेत वर्तमानपत्र वाचणारा माणूस आणि त्याची गडद काळी सावली. त्या एका चित्रापायी त्याने पुढची कित्येक वर्षं काढली. 18 पेट्या, दोन कोलाज आणि वाळूचा एक ट्रे. त्यांत पुन्हा पुन्हा येतो तो मोठ्या तुऱ्याचा पांढरा काकाकुवा, एकोणिसाव्या शतकातल्या छापील चित्रातून कातरलेला. मागे वर्तमानपत्राचे तुकडे आणि काळ्या कागदाची सावली. माझ्या मते कॉर्नेलचं सर्वांत पक्कं काम हेच. 1943 च्या पेटीत पक्षी निशाणा होता. इथे एका कलाकाराने दुसऱ्याला केलेल्या नमस्काराचा मान त्याला मिळाला आहे.

उतारवयात तो बहुतेक सपाट कोलाजांकडे परतला. 1965 मध्ये रॉबर्ट गेला, पुढच्या वर्षी आई. फेब्रुवारी 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये त्याने खास मुलांसाठी प्रदर्शन भरवलं. पेट्या मुलांच्या उंचीला येतील अशा खाली लावल्या होत्या, आणि खायला-प्यायला केक आणि चेरीच्या स्वादाचा कोला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो वारला. तळघरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या खोक्यांचा मोठा साठा आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये अभ्यासकांसाठी ठेवलेला आहे, न वापरलेल्या कात्रणांसकट.