रक्ताच्या गुठळीनंतर पुन्हा कातळावर

आमच्या रविवारच्या गटातला एक साथी पावसाळ्याच्या तोंडाशी घोटा मोडून घरी बसला. सहा आठवडे प्लॅस्टर. ते निघालं तेव्हा पोटरी सुजलेली होती, ठणकत होती. इतके दिवस पाय बांधलेला, सूज येणारच, असं आम्हीच म्हणालो. वर सल्लाही दिला, कोमट तेल लावून चोळून घे. त्याच्या आईने दोन रात्री चोळलं. तिसऱ्या दिवशी जिना चढताना त्याला धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचायला लागलं.

पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचा तुकडा फुफ्फुसात पोहोचला होता. तो वाचला. चोळल्यामुळेच तुकडा सुटला असं कुणी ठामपणे सांगू शकत नाही, पण सल्ला आमचा होता, हे आम्ही विसरलेलो नाही.

म्हणून आधी एवढं सांगून टाकतो. प्लॅस्टर, ऑपरेशन, बाळंतपण किंवा लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखायला लागली, पाय गरम लागला, तर चोळू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लालीची वाट पाहू नका, आपल्या सावळ्या कातडीवर ती पुष्कळदा दिसतच नाही. डॉपलर सोनोग्राफीत शिरेतली गुठळी कळते. धाप, छातीत कळ किंवा खोकल्यातून रक्त असेल तर थेट १०८ ला फोन करा.

उपचार म्हणजे ‘रक्त पातळ करायच्या’ गोळ्या. खरं तर त्या रक्त पातळ करत नाहीत आणि गुठळी विरघळवतही नाहीत. नवी गुठळी होऊ देत नाहीत, आहे ती वाढू देत नाहीत. ती विरवण्याचं काम शरीर स्वतः करतं, सावकाश. त्यामुळे सूज उतरली म्हणून गोळी बंद करायची नसते. प्लॅस्टरसारखं तात्पुरतं कारण असेल तर साधारण तीन महिने, कारण सापडलं नाही तर पुष्कळदा त्याहून जास्त.

आमच्या साथीचा पहिला प्रश्न होता, पुन्हा चढता येईल का? त्याचं स्वप्न हरिहरच्या स्कॉटिश कड्याचं आहे. १९८६ साली ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट यांनी तो चढला, म्हणून त्याला हे नाव. आई म्हणाली, आता दोर माळ्यावर टाक. डॉक्टर वेगळंच बोलले: “चढण्याची मला भीती नाही, पडण्याची आहे. एरवी ज्या टेंगळावर तुम्ही हात फिरवून पुढे जाल, ते या गोळ्यांवर असताना मेंदूतला रक्तस्राव ठरू शकतं.”

या एका वाक्याने आमचा सगळा हिशोब बदलला.

सुरुवात चालण्यापासून झाली. गोळ्या सुरू झाल्यावर अंथरुणाला खिळून राहायचं नसतं. आधी गल्लीत, मग त्रिरश्मी बुद्धलेणीच्या पायऱ्या. पहिल्या सकाळी तो चार ठिकाणी टेकला. फुफ्फुसात गुठळी गेलेल्या माणसाचा दम परत यायला महिने लागतात, आम्हाला हे ठाऊक नव्हतं. पंधरा दिवसांनी तो एका दमात वर आला, कुणी काही बोललं नाही.

दोराला हात लावायची परवानगी तिसऱ्या महिन्यात मिळाली, तीही अटींवर. दोर वरून बांधलेला हवा, म्हणजे हात सुटला तरी माणूस वीतभर खाली येतो आणि लटकतो. पुढे राहून दोर नेणं बंद, कारण तिथे पडलं की आधी काही फूट मोकळं पडणं आणि मग कातळावर आपटणं. दोराविना मोठ्या दगडांवर चढणंही बंद. हेल्मेट खालच्या माणसालाही. हार्नेसचे मांडीपट्टे घट्ट करून तासन् तास लटकायचं नाही, पाणी पीत राहायचं.

गंमत अशी की ज्या हरिहरला लोक पायऱ्यांचा सोपा किल्ला समजून जातात, तो या काळात त्याला जास्त धोक्याचा. पायऱ्या जवळजवळ उभ्या, रविवारची गर्दी, कमरेला दोर नाही, वरच्याची बाटली निसटली तरी डोक्यात. हर्षेवाडीहून नाशिकचं मोठं रुग्णालय गाठायला तासाहून जास्त लागतो. डोक्याला मार लागला तर, बाहेर रक्त दिसो न दिसो, माणूस नीट बोलत असला तरी, रुग्णालयातच न्यायचं. हे साथीदारांना ठाऊक असेल तरच शक्य आहे. आमच्या साथीला सांगायला लाज वाटत होती. आजारी म्हणून मागे ठेवतील, ही भीती. आता गोळीचं नाव, मात्रा आणि डॉक्टरांचा नंबर लिहिलेला कागद त्याच्या खिशात असतो आणि एक प्रत बिले देणाऱ्याजवळ.

सगळ्यात मोठी चूक मात्र कड्यावर नाही, गावात परतल्यावर होते. अंग दुखतं म्हणून कुणीतरी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी देतं, किंवा दवाखान्यात कमरेत सुई टोचून घेतली जाते. या औषधांबरोबर त्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि सुईच्या जागी रक्त साकळतं. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. सुई टोचू पाहणाऱ्याला आधी सांगायचं, मी रक्ताच्या गोळ्या घेतो.

वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम घेणाऱ्यांना रक्ताची आयएनआर तपासणी करत राहावी लागते. ती बहुतेकांची २ ते ३ मध्ये हवी. मेथी-पालक सोडायची गरज नाही, पण आठवडाभर नाही आणि मग एकदम जुडीभर, असं करू नये. आमचा साथी रिव्हारोक्साबॅन घेतो. त्याला ही तपासणी लागत नाही, पण त्याची २० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच घ्यावी लागते. पहाटे निघताना ती राहू नये म्हणून त्याने रात्रीच्या जेवणाची वेळ धरली आहे.

पुढच्या महिन्यात डॉक्टर गोळ्या थांबवायच्या की नाही ते ठरवतील. स्कॉटिश कड्याबद्दल त्याने अजून विचारलेलं नाही. आईने दोर मात्र माळ्यावरून खाली काढून दिला आहे.