कुबट वासाचा माग

नॉर्वेतल्या बोर्ग्नी एगेलांड यांची दोन्ही मुले जन्मली तेव्हा दिसायला धडधाकट होती. पण थोरली मुलगी तिसऱ्या वर्षी कसेबसे चार शब्द बोलू लागली. धाकटा मुलगा चार वर्षांचा झाला तरी त्याला चालता येईना, बोलता येईना, हाताने घास घेता येईना. ‘काही मुलं उशिराच बोलतात’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारे वाक्य. अशा वाक्यांवर बोर्ग्नी विसंबून राहिल्या नाहीत. एकामागून एक दवाखाने त्यांनी पालथे घातले. एकाच घरातल्या दोन्ही मुलांना हे का व्हावे, एवढेच त्यांना विचारायचे होते. आणखी एक गोष्ट त्या सांगत असत. मुलांच्या अंगाला सतत एक कुबट वास येतो, कितीही आंघोळ घाला, जात नाही. हे ऐकून घेणारे बरेच भेटले. त्यात काही अर्थ असेल असे कोणाला वाटले नाही.

१९३४ मध्ये हा प्रश्न आस्ब्यर्न फोलिंग यांच्यापर्यंत पोहोचला. फोलिंग डॉक्टर होते आणि रसायनशास्त्रज्ञही होते, आणि या हकिकतीत त्यांचे दुसरे शिक्षण पहिल्याइतकेच कामाला आले. मुलांना तपासून विशेष काही हाती लागले नाही, तेव्हा त्यांनी लघवीची नेहमीची तपासणी केली. मधुमेहात लघवीतून कीटोन जातात, ते ओळखण्यासाठी तिच्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकतात. कीटोन असतील तर रंग जांभळट-लाल होतो, नसतील तर तपकिरी पिवळा राहतो. इथे तो गडद हिरवा झाला आणि काही मिनिटांत विरून गेला. असा रंग फोलिंगनी कधी पाहिला नव्हता, पुस्तकांतही त्याचा उल्लेख सापडेना.

एखाद्या औषधामुळे हा रंग आला असेल, या शंकेने त्यांनी मुलांची सगळी औषधे आठवडाभर बंद ठेवायला सांगितली. आठवड्यानंतरही रंग हिरवाच आला. मग खरे कष्ट सुरू झाले. तो पदार्थ वेगळा काढायचा तर नमुना भरपूर हवा. आई मुलांची लघवी साठवून प्रयोगशाळेत आणून देत राहिली. सगळी मिळून सुमारे २२ लिटर झाली. तिच्यातून फोलिंगनी शुद्ध स्फटिक मिळवले, ते कोणत्या तापमानाला वितळतात ते मोजले आणि पदार्थ ओळखला. ते फिनाइलपायरुव्हिक आम्ल होते. पुढे ओस्लोच्या परिसरातल्या मतिमंदांच्या संस्थांमधल्या ४३० जणांची लघवी त्यांनी तपासली, तेव्हा आणखी आठ जणांत हाच हिरवा रंग दिसला. नॉर्वेत या आजाराला आजही ‘फोलिंगचा आजार’ म्हणतात. जगभर तो फिनाइलकीटोन्युरिया, म्हणजे पीकेयू, म्हणून ओळखला जातो.

आजाराचे मूळ साध्या अन्नात आहे. दूध, डाळी, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांत फिनाइलअॅलॅनिन नावाचे अमिनो आम्ल असते. यकृतातले एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे टायरोसिनमध्ये रूपांतर करते. पीकेयूच्या मुलात हे विकर नीट काम करत नाही. फिनाइलअॅलॅनिन रक्तात साठत जाते, मेंदूत शिरते आणि इतर आवश्यक अमिनो आम्लांची वाट अडवते. वाढत्या मेंदूची हानी होते, ती भरून येत नाही. टायरोसिनपासून त्वचेला आणि केसांना रंग देणारे मेलॅनिन बनते, म्हणून या मुलांचे केस आणि कांती भावंडांपेक्षा फिकट दिसू शकतात. साठलेल्या फिनाइलअॅलॅनिनपासूनच फोलिंगना सापडलेले फिनाइलपायरुव्हिक आम्ल बनते, आणि त्याचा काही भाग फिनाइलअॅसिटिक आम्ल होऊन घामातून, लघवीतून बाहेर पडतो. तोच तो कुबट वास. आईच्या नाकाने प्रयोगशाळेच्या आधी रसायन टिपले होते.

एगेलांड कुटुंबाला आजाराचे नाव मिळाले, उपाय मात्र मिळाला नाही. त्यासाठी आणखी सतरा वर्षे जावी लागली. १९५१ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात हॉर्स्ट बिकेल यांनी एका लहान मुलीला पीकेयू असल्याचे निदान केले. ती उभी राहत नसे, सतत रडे, डोके आपटून घेई. निदान झाले, यावर तिची आई समाधान मानायला तयार नव्हती. रोज सकाळी ती प्रयोगशाळेच्या दाराशी हजर व्हायची आणि विचारायची, माझ्या मुलीसाठी तुम्ही काय करणार? अखेर बिकेल, जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स यांनी दुधातल्या केसीन प्रथिनाचे विघटन करून, कोळशाच्या साहाय्याने त्यातले फिनाइलअॅलॅनिन काढून टाकले आणि तिच्यासाठी वेगळा आहार तयार केला. आधी वजन घटले, कारण हे आम्ल थोडे तरी शरीराला लागतेच. मग मोजून थोडे दूध दिले. काही महिन्यांत मुलगी रांगू लागली, डोळ्यांत चमक आली, केस काळसर झाले, डोके आपटणे थांबले.

हा आहाराचाच गुण आहे की सगळ्यांच्या लक्ष देण्याचा? खात्रीसाठी डॉक्टरांनी आईला न सांगता आहारात पुन्हा फिनाइलअॅलॅनिन मिसळले. मुलीची प्रकृती लगेच ढासळली आणि ते आईच्याच लक्षात आले. मग तिला सगळे सांगून, तिच्या संमतीने, रुग्णालयात तोच प्रयोग पुन्हा केला. पहिला प्रयोग आजच्या नियमांत बसणार नाही, आणि बसूही नये. पण त्यातून आहाराचा उपयोग निर्विवाद ठरला.

तरी एक अडचण उरली. लक्षणे दिसेपर्यंत मेंदूचे नुकसान झालेले असते. अमेरिकेत बफेलोच्या रॉबर्ट गथ्री यांना याची झळ घरातच लागली होती. त्यांच्या पत्नीच्या भाचीचे पीकेयूचे निदान ती सव्वा वर्षाची झाल्यावर झाले. गथ्रींनी सोपी चाचणी शोधली. बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब जाड टिपकागदावर घ्यायचे, कागद वाळवून पाठवायचा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला चार लाखांहून अधिक बाळांची अशी तपासणी झाली आणि ३९ मुले वेळेत सापडली. पहिल्या आठवड्यांत आहार सुरू झालेली पीकेयूची मुले इतरांसारखी शिकतात, कमावतात. पथ्य मात्र जन्मभराचे, आणि ते सांभाळताना सगळ्या घराचा कस लागतो. वरण, पनीर, अंडे वर्ज्य. पोळी आणि भातही मोजून. आपल्याकडच्या ‘डाएट’ शीतपेयांच्या डब्यांवर बारीक अक्षरांत फिनाइलकीटोन्युरिक व्यक्तींसाठी इशारा असतो, तो याचसाठी. त्यातल्या अॅस्पार्टेम या गोडी आणणाऱ्या पदार्थात फिनाइलअॅलॅनिन असते.

भारतात पीकेयू दुर्मीळ आहे. पण असेच गुपचूप येणारे, वेळीच कळले तर आटोक्यात राहणारे इतर आजार दुर्मीळ नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सुमारे एक लाख नवजात बाळांच्या अभ्यासात जन्मजात थायरॉइड कमतरता दर ११३० बाळांमागे एकाला आढळल्याचे नोंदवले. तिच्यावरचा उपाय म्हणजे थायरॉक्सिनची स्वस्त गोळी. मात्र ती पहिल्या काही आठवड्यांतच सुरू व्हायला हवी. पीकेयूसारखे अनेक आजार आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच होतात. म्हणून आते-मामे भावंडांत लग्ने होणाऱ्या आपल्या समाजांनी याकडे जास्त लक्ष द्यायला हवे. गोव्याने २००८ मध्ये राज्यपातळीवर नवजात तपासणी सुरू केली. महाराष्ट्रात मात्र अजून पुष्कळदा ती आईवडिलांनी विचारली तरच होते. तेव्हा घरात बाळ येणार असेल, तर प्रसूतिगृहात नाव नोंदवतानाच विचारून ठेवा: टाचेच्या रक्ताची तपासणी इथे होते का, आणि नसेल तर नमुना कुठे पाठवता येईल? बाळ एक दिवसाचे झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ती करून घ्या. आणि मुलाबाबत आईला काही खटकत असेल, मग तो नुसता वास का असेना, तर ते डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून घ्यावे, असा आग्रह धरा.