विश्लेषण : चेहरा एक, प्रजाती पाच! मलेरियाचा डास नेमका कोणता?

बल्लारपूरहून कोठारी, गोंडपिपरीमार्गे आष्टीकडे निघाले की वैनगंगा ओलांडताच गडचिरोली जिल्हा लागतो. राज्यातील मलेरियाचे बरेच रुग्ण वर्षानुवर्षे याच जिल्ह्यात नोंदले जातात. देशाला 2030 पर्यंत मलेरिया हद्दपार करायचा आहे. त्यासाठी औषध कुठे फवारायचे हे ठरवताना आधी एक प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे गोठ्यात पकडलेला डास नेमका कोण?

शरीररचनेवरून काय कळते?

बरेच काही. अ‍ॅनोफिलीस जातीच्या मादीच्या सोंडेशेजारच्या स्पर्शिका सोंडेइतक्याच लांब असतात आणि पंखांवर बहुधा ठिपके असतात. ग्रामीण भारतातील मलेरियाचा मुख्य वाहक अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसिस आणि डोंगराळ भागातील ओढ्यांत वाढणारा अ‍ॅनोफिलीस फ्लुविआटिलिस यांच्यातील फरक पंखाच्या तिसऱ्या शिरेवर दिसतो. पहिल्यात ती बहुतांशी गडद, दुसऱ्यात फिकी. अ‍ॅनोफिलीस पार्श्वभाग उचलून तिरका बसतो, असे आपण शाळेत शिकलो. क्युलिसिफेसिस मात्र साध्या क्युलेक्स डासासारखा जवळपास सपाट बसतो. त्याच्या नावातच ‘क्युलेक्सच्या रूपाचा’ असा अर्थ आहे. त्यामुळे ‘सपाट बसलाय, म्हणजे निरुपद्रवी’ हा समज निदान या भागात तरी महागात पडू शकतो.

मग अडते कुठे?

क्युलिसिफेसिस हा एक डास नाहीच. 1980 मध्ये ग्रीन आणि माइल्स यांनी गुणसूत्रे तपासून त्यात ए आणि बी अशा दोन प्रजाती दाखवल्या. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील सरला सुब्बाराव आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये सी प्रजाती शोधली. पुढे डी आणि 1999 मध्ये रामेश्वरम बेटावरून ई यांची भर पडली. पंख, स्पर्शिका, पाय यांवरून या पाचांना वेगळे काढता येत नाही. अशांना भगिनी प्रजाती म्हणतात.

गुणसूत्रे काय सांगतात?

इथे संख्या उपयोगी पडत नाही. काही प्राण्यांत ती पुरते. ताडोबातील भेकराच्या मादीत फक्त 6 गुणसूत्रे असतात, तर चीनमधील त्याच्या जवळच्या नातलगात 46. झाडाच्या सालीखाली राहणाऱ्या, नांगी नसलेल्या छद्मविंचवांतही एकसारख्या दिसणाऱ्या प्रजाती ओळखायला शरीररचनेच्या जोडीला गुणसूत्रांची संख्या कामी येते. अ‍ॅनोफिलीस डासांत मात्र सर्वांकडे तीनच जोड्या. बदलतो तो क्रम.

बल्लारशाह जंक्शनवर एखाद्या गाडीचे मधले चार डबे काढून उलट्या क्रमाने जोडले, तर डबे तेवढेच राहतात, पण त्यांचा क्रम बदलतो. गुणसूत्राचा तुकडा असाच उलटा बसला की सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरील पट्ट्यांचा क्रम उलटलेला दिसतो. ए आणि डी यांचे एक्स गुणसूत्र एकाच क्रमाचे असते, फरक दुसऱ्या गुणसूत्रात असतो. बी आणि सी यांचेही तसेच.

पण क्रम वेगळा म्हणून प्रजाती वेगळी कशी? आपल्यातही रक्तगट वेगळे असतातच की. खरा पुरावा पुढे आहे. एकाच गावात दोन्ही क्रमांचे डास सापडतात. त्यांचा आपसात संकर होत असता तर एक गुणसूत्र सरळ आणि जोडीदार उलटे अशी मिश्र संतती भरपूर मिळाली असती. अशा संततीत जोडी जुळताना वेटोळे तयार होते, ते लपत नाही. प्रत्यक्षात ती जवळपास मिळतच नाही. म्हणजे एकाच गोठ्यात राहूनही त्यांचा आपसात संसार नाही.

ही पद्धत सोपी आहे का?

अजिबात नाही. रक्त पिऊन अंडी अर्धी तयार झालेली मादीच लागते. तेव्हाच तिच्या अंडाशयातील पोषक पेशींत ही जाड, पट्टेदार गुणसूत्रे नीट दिसतात. त्यासाठी पहाटे बॅटरी आणि चोषण नळी घेऊन गोठे धुंडाळावे लागतात. बी आणि ई यांच्यात तर हे पट्टेही सारखेच. तेथे नराच्या वाय गुणसूत्राचा आकार पाहावा लागतो. आता पीसीआर चाचणीमुळे कुठल्याही अवस्थेतील डास, अगदी नरही, ओळखता येतो. तरी त्या चाचण्या आधी गुणसूत्रांनी ओळखलेल्या डासांवरच पारखून घेतल्या गेल्या.

गावाला याचा काय फायदा?

बी प्रजातीत मलेरियाच्या परजीवीची वाढ फारशी होत नाही, म्हणून ती दुबळी वाहक मानली जाते. ए, सी, डी आणि ई वाहक आहेत. फ्लुविआटिलिसचीही गोष्ट तीच. 1994 मध्ये त्याच्या एस, टी, यू अशा तीन प्रजाती वेगळ्या काढण्यात आल्या. टी आणि यू गुरांना चावतात, एस मुख्यतः माणसाला. गोठ्यात शेकडो डास सापडले, पण ते टी असतील, तर त्या आकड्यावरून गावाचा धोका मोजणे चुकीचे ठरेल. उलट मोजकेच एस सापडले, तर त्या गावात फवारणी आणि मच्छरदाण्या आधी पोहोचायला हव्यात. हिवताप कार्यालयाच्या नोंदवहीत मात्र पंख पाहून ओळखलेले हे सारे डास ‘फ्लुविआटिलिस’ या एकाच रकान्यात जातात.